चर्चने निर्वासित कुटुंब स्पॉन्सर करायचं ठरवलंय, आता पुढे काय?

प्रश्न थोडक्यात असा. कॅनडात, ऑन्टारिओतल्या एका मध्यम शहरात राहणारे एक मराठी ख्रिस्ती गृहस्थ. त्यांच्या चर्चने एका निर्वासित कुटुंबाला स्पॉन्सर करायचा, म्हणजे परदेशातून बोलावून वर्षभर त्यांची जबाबदारी घ्यायचा, ठराव केला आणि कमिटीत यांनाही घेतलं. पहिल्याच बैठकीत तीन सूर निघाले. एक जण म्हणाले, घ्यायचं तर ख्रिस्ती कुटुंबच घ्या. दुसरे, आपल्याच देशाकडचे, म्हणाले, आम्ही पॉइंट मोजून, इंग्रजीची परीक्षा देऊन, फी भरून रांगेत थांबलो. यांना सगळं फुकट का? तिसऱ्यांचं म्हणणं, आधी आपल्या मंडळीतल्या गरजूंकडे बघा. 'पवित्र शास्त्र याबद्दल काय सांगतं, आणि प्रत्यक्षात काम काय पडतं?' असं त्यांनी विचारलंय.

सप्रेम सलाम. माझं माहेर नगर जिल्ह्यातलं, आणि इथे आल्यापासून बरीच वर्षं मी याच कामात आहे. त्यामुळे उत्तर जरा लांबेल.

वचनांचा भाग आधी उरकते, कारण तुमच्या कमिटीत ती सगळ्यांना पाठ असणार. लेवीय 19 म्हणतं, परदेशीयावर स्वतःसारखी प्रीती करा, आणि कारणही देतं: तुम्हीसुद्धा मिसरात परदेशी होता. मत्तय 2 मध्ये योसेफ बाळाला आणि आईला घेऊन रातोरात मिसरला पळतो. मत्तय 25 मध्ये परक्याला आसरा देणं म्हणजे प्रभूलाच देणं आहे. यावरून कमिटी मोडलेली मी तरी पाहिली नाही. कमिट्या मोडतात त्या बँकेच्या कार्डावरून, जुन्या सोफ्यावरून आणि 'एवढं केलं तरी ते उपासनेला येत नाहीत' यावरून.

म्हणून नव्या कमिटीला मी रूथचा दुसरा अध्याय वाचायला लावते. नियमशास्त्रात शेतकऱ्याला सांगितलंय की शेताच्या कडा पुऱ्या कापू नको, पडलेली कणसं गोळा करू नको, ती गरिबासाठी आणि परदेशीयासाठी सोड. मवाबातून आलेली विधवा रूथ बेथलेहेमात असा सरवा वेचायला जाते. शेताचा मालक बवाज गड्यांना सांगतो की पेंढ्यांतली काही कणसं मुद्दाम काढून टाका, तिला वेचू द्या, तिला धमकावू नका. संध्याकाळी ती वेचलेलं स्वतः झोडते आणि एफाभर (एफा हे धान्याचं माप) सातू घेऊन घरी जाते. बवाजाला पहिल्याच दिवशी पोतं भरून तिच्या दारात टाकता आलं असतं. पुढच्या अध्यायात तो सहा मापं मोजून देतोही. पण सुरुवात त्याने अशी केली की ती आपल्या कष्टाचं घेऊन, मान वर करून घरी गेली. गड्यांना 'धमकावू नका' हे वेगळं सांगावं लागलं, याकडेही लक्ष द्या. देणाऱ्यांची नियत चांगली असली तरी सरवा वेचणारीवर डाफरणारे शेतात असतातच. ते कमिटीतही असतात.

हात सैल सोडून देणं आपल्याला जमतं. दिल्यावर तो हात काढून घेणं जमत नाही. तुमचं वर्षभराचं काम हे दुसरं शिकण्याचं आहे.

आता रांगेचा मुद्दा. हा मुद्दा मांडणाऱ्यांना झिडकारू नका, त्यांच्या बोलण्यात खरा त्रास आहे. पण ज्या रांगेचा आपल्याला अभिमान आहे, ती आपल्यासाठी उघडली 1967 साली, कॅनडाने पॉइंटची पद्धत, म्हणजे शिक्षण, वय, भाषा यांना गुण देऊन माणसं निवडायची पद्धत, आणली तेव्हा. त्याआधी 1908 पासून 'मायदेशातून थेट, न थांबता प्रवास करून आलात तरच उतरू देऊ' असा नियम होता, आणि हिंदुस्थानातून तसं जहाजच येत नव्हतं. 1914 साली कोमागाटा मारू हे जहाज 376 हिंदुस्थानी प्रवासी घेऊन व्हँकुव्हरला आलं, दोन महिने बंदरात अडकून पडलं आणि मूठभर लोक सोडून बाकीच्यांना परत पाठवलं गेलं. स्वातंत्र्यानंतर 1951 मध्ये भारतासाठी कोटा ठरला तो वर्षाला 150 माणसांचा. पॉइंट मोजून घेण्याची सोयसुद्धा कुणीतरी भांडून करून दिलेली आहे.

शिवाय निर्वासितही रांगेतच असतो, फक्त त्याची खिडकी वेगळी असते. परदेशातून स्पॉन्सर होऊन येणाऱ्याची मुलाखत होते, वैद्यकीय आणि सुरक्षा तपासणी होते, आणि अर्जापासून विमानापर्यंत वर्षं जातात. फुकटही म्हणता येणार नाही. विमानाचं भाडं बहुतेकांना सरकार कर्जाऊ देतं आणि इथे आल्यावर ते हप्त्यांनी फेडावं लागतं. नव्या कर्जांवरचं व्याज 2018 मध्ये बंद झालं, एवढाच दिलासा. काही मंडळ्या हे कर्ज स्वतः भरून टाकतात. तुमच्याकडे थोडे पैसे उरले तर हा फार चांगला खर्च आहे.

आणि रांगेचा मुद्दा काढणाऱ्या त्या गृहस्थांना कमिटीत ठेवाच. पहिली नोकरी कशी मिळाली, क्रेडिट कार्ड कोण देत नव्हतं, गाडीच्या परीक्षेत कुठे नापास झालो, हे त्यांना तुमच्या चर्चमधल्या इथेच जन्मलेल्या लोकांपेक्षा जास्त ठाऊक आहे. नोकरी आणि ड्रायव्हिंगचं काम त्यांच्याकडे द्या.

कर्जावरून आठवलं. ज्या योजनेत तुम्ही उतरताय ती उभी राहिली त्यात मेनोनाइट लोकांचा मोठा वाटा आहे. शस्त्र हाती न धरणारा हा ख्रिस्ती पंथ. कॅनडाने 1919 मध्ये हुकूम काढून त्यांना प्रवेश बंद केला होता. 1922 मध्ये तो उठला. रशियातली क्रांती, यादवी आणि दुष्काळ यातून सुटून 1923 ते 1930 या काळात सुमारे 20,000 मेनोनाइट कॅनडात आले. त्यातल्या पुष्कळांना कॅनेडियन पॅसिफिक रेल्वेने उधारीवर आणलं, इथल्या मेनोनाइटांनी हमी घेतली म्हणून. मध्ये महामंदी आली, पण ते प्रवासाचं कर्ज त्यांनी फेडत फेडत 1946 मध्ये संपवलं. पुढे 1976 च्या इमिग्रेशन कायद्याने नागरिकांच्या गटांना निर्वासित स्पॉन्सर करायची मुभा दिली, तेव्हा सरकारशी सर्वांत आधी, मार्च 1979 मध्ये, करार केला तो मेनोनाइट सेंट्रल कमिटीने. त्याच सुमाराला व्हिएतनाम, कंबोडिया, लाओसमधून लोक होड्यांतून, पायी, जमेल तसे निघाले होते. 1979-80 मध्ये 60,000 जण कॅनडात आले, त्यातले निम्म्याहून अधिक चर्च, शेजारी आणि मित्रमंडळींच्या गटांनी आणले. 1986 साली संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित संस्थेचं नान्सेन पदक कॅनडाच्या जनतेला मिळालं ते यासाठी. आजवर या वाटेने तीन लाखांहून अधिक लोक आलेत. माझी तक्रार एकच आहे. ही योजना सरकारच्या कामात भर घालायला होती; हल्ली बऱ्याच वर्षी सरकारी योजनेपेक्षा आमच्यासारख्यांच्या हातूनच जास्त लोक येतात. असो.

'ख्रिस्तीच घ्या' म्हणणाऱ्यांकडे गलतीकरांस 6:10 असतं: सर्वांचं बरं करा, विशेषेकरून विश्वासाच्या घराण्यातल्यांचं. वचन खरं आहे, आणि छळ सोसणाऱ्या ख्रिस्ती कुटुंबाला बोलावणं यात गैर काही नाही. पण त्यातला 'सर्वांचं' हा भाग आधी येतो, 'विशेषेकरून' नंतर. आणि ख्रिस्ती म्हणजे 'आपल्यासारखे' असं मनात धरून असाल तर आधीच सांगते, फसगत होईल.

एका मंडळीने हट्टाने ख्रिस्ती कुटुंब मागितलं आणि एरिट्रियाचं ऑर्थोडॉक्स कुटुंब आलं. ते आले डिसेंबरच्या सुरुवातीला. 25 तारखेला कमिटीतल्या बायकांनी टर्की भाजली, लोणी घालून बटाटे केले, केक केला आणि सगळं थाटात त्यांच्या घरी नेलं. एरिट्रियन ऑर्थोडॉक्सांचा नाताळ असतो 7 जानेवारीला आणि त्याआधीचे चाळीस-एक दिवस उपास असतो. मांस, दूध, लोणी, अंडी काही चालत नाही. घरातल्या बाईने सगळ्यांचे हात हातात घेतले, कॉफीचे दाणे तिथेच तव्यावर भाजून कॉफी केली, मोठ्यांनी पाव आणि सॅलड खाल्लं आणि टर्की फ्रीजमध्ये गेली. पहिल्या आठवड्यात तोच फ्रीज कमिटीने सूपचे डबे आणि गोठवलेल्या लझान्याने गच्च भरला होता. त्यांना हवं होतं टेफ या त्यांच्याकडच्या बारीक धान्याचं पीठ, म्हणजे इंजेरा ही आंबवलेली जाळीदार पोळी करता आली असती. रविवारी ते मिळेल त्या गाडीने टोरांटोला आपल्या चर्चला जायचे, तिग्रिन्या भाषेतल्या उपासनेला. कमिटीतले दोघे नाराज झाले. मला विचाराल तर ते कुटुंब तुमच्या-माझ्याहून जास्त नेमाने उपासना करत होतं.

येणारं कुटुंब मुसलमान असेल, यझिदी (इराककडचा एक छोटा, छळ सोसलेला धर्मसमाज) असेल, काहीच मानत नसेल, तरी उपासनेला येणं ही कधीही, आडूनसुद्धा, अट होऊ देऊ नका. हे मी कॅनडाच्या नियमांपेक्षा आपल्या इतिहासावरून सांगते. नगरला अमेरिकन मराठी मिशन आलं 1831 मध्ये. पुढे 1876-78 आणि नंतर शतक सरतानाच्या दुष्काळांत मिशनऱ्यांनी अन्न दिलं, अनाथ मुलं सांभाळली, आणि त्या काळात जे ख्रिस्ती झाले त्यांच्या नातवंडा-पतवंडांनाही 'पोटासाठी बाटलेले' हे ऐकावं लागलं. त्यातल्या कित्येकांचा विश्वास अस्सल होता. पण भाकरी आणि बाप्तिस्मा एकाच हातातून आला की बघणाऱ्याला फरक दिसत नाही, आणि घेणाऱ्यालाही तो सांगता येत नाही. आपल्याला ठाऊक असलेली ही सल दुसऱ्याच्या पोरांच्या वाट्याला कशाला द्यायची? कुणी आपणहून विचारलं, तर उत्तर द्या.

तिसऱ्यांचा मुद्दा, आधी आपली माणसं. 1 तीमथ्य 5:8 त्यांच्या बाजूने आहे: जो घरच्यांची काळजी घेत नाही तो विश्वास नाकारतो. 2025 च्या सुरुवातीला अमेरिकेचे उपराष्ट्राध्यक्ष जे. डी. व्हान्स यांनी प्रेमाची अशी उतरंड मांडली: आधी कुटुंब, मग शेजारी, मग देश, मग जग. त्यानंतर 10 फेब्रुवारीला पोप फ्रान्सिस यांनी अमेरिकेच्या बिशपांना पत्र लिहिलं आणि चांगल्या शोमरोन्याच्या, म्हणजे वाटेत जखमी पडलेल्या अनोळख्याला मदत करणाऱ्या परक्याच्या, दाखल्याकडे बोट दाखवलं. मी एवढ्या उंचीवर जात नाही. तुमच्या मंडळीत भाडं थकलेलं कुटुंब असेल तर त्यांना जरूर मदत करा, आणि ती या ठरावाची वाट न बघता याच महिन्यात करा. माझा अनुभव असा की 'आधी आपले' म्हणणारे बहुधा त्या आपल्यांकडेही गेलेले नसतात. गेलेले असतील, तर मात्र त्यांचं ऐका. मंडळीची ताकद किती उरली आहे हे तेच खरं सांगतील.

रोमकरांस 13, म्हणजे 'सत्ताधाऱ्यांच्या अधीन राहा', हे कुणी काढलं तर उत्तर सोपं आहे. ही योजना कायद्याचीच आहे, आणि तुमचं कुटुंब विमानातून उतरेल ते कायम रहिवासी म्हणून. सीमेवर किंवा इथे येऊन आश्रय मागणाऱ्यांची गोष्ट वेगळी. त्यांच्यासाठी तुमच्या कमिटीचे कागद लागत नाहीत. 2023 च्या उन्हाळ्यात टोरांटोत शेल्टर भरले आणि आफ्रिकेतून आलेले आश्रयार्थी फुटपाथवर झोपू लागले, तेव्हा त्यांना आत घेतलं ते मुख्यतः कृष्णवर्णीयांच्या चर्चनी, म्हणजे पुष्कळशा स्थलांतरितांनीच. तिथे कुणी आधी कमिटी नेमली नव्हती.

आता काम. सरकारशी कायमचा करार असलेल्या संस्था असतात: कॅथलिक आणि अँग्लिकन धर्मप्रांत, मेनोनाइट, प्रेस्बिटेरियन, युनायटेड चर्च वगैरे. तुमचं चर्च अशा संस्थेच्या छत्राखाली अर्ज करू शकतं. पाच नागरिकांनी किंवा कायम रहिवाशांनी मिळून गट करायची वाटही आहे, पण 29 नोव्हेंबर 2024 पासून सरकारने अशा गटांचे नवे अर्ज घेणं थांबवलं, म्हणून पहिला फोन करारवाल्या संस्थेलाच करा. त्यांना दर वर्षी ठरावीक जागा मिळतात आणि मागणी त्याहून बरीच असते.

जबाबदारी साधारण बारा महिन्यांची. घर, जेवण, कपडे, सुरुवातीचं सामान आणि माणूस म्हणून सोबत. चौघांच्या कुटुंबाला वर्षाला तीस हजार डॉलरच्या आसपास धरून चला. टोरांटोच्या जवळ असाल तर भाडंच बरंच खाऊन टाकतं. येणाऱ्यांकडून आधी किंवा नंतर एक डॉलरही घ्यायचा नाही, अनामत म्हणून नाही आणि 'आभार' म्हणूनही नाही. फॉर्म भरताना एका गोष्टीवर ठाण मांडून बसा: नवरा-बायको आणि मुलं, जी बरोबर येणार नाहीत तीसुद्धा, सगळी नोंदवली आहेत ना? नोंदवलेल्यांना आल्यापासून एका वर्षाच्या आत अर्ज करून मागाहून बोलावता येतं. न नोंदवलेला मुलगा पुढे आणणं फार कठीण होतं. हरवलेला, वेगळा राहणारा, दुसऱ्या लग्नाचा, सगळे लिहा. लोक भीतीने किंवा लाजेने नाव लपवतात, म्हणून हा प्रश्न दुभाष्यामार्फत, घाई न करता, दोनदा विचारा.

गाद्या नव्या घ्या. जुनी गादी म्हणजे ढेकूण. सोफा, टेबल जुनं चालतं, पण जे तुम्ही स्वतःच्या बहिणीला दिलं नसतं ते देऊ नका. चर्चचं तळघर रिकामं करायची ही संधी नव्हे.

पैसे त्यांच्या स्वतःच्या खात्यात, ठरलेल्या तारखेला, एकदम. कार्ड त्यांच्याकडे. पिन कुणाला माहीत नको. हे वाचायला सोपं वाटतं, म्हणून एक प्रसंग सांगते. एका कमिटीचे खजिनदार दर पंधरवड्याला कुटुंबाकडून पावत्या मागायचे. घरातली बाई किराण्याच्या पावत्या तांदळाच्या रिकाम्या पिशवीत साठवून ठेवायची आणि ती पिशवी टेबलावर पालथी करायची. एकदा त्यातून पैसे परदेशी पाठवल्याची चिठ्ठी निघाली, दीडशे डॉलरची. खजिनदारांनी तिच्याभोवती लाल गोल काढला आणि म्हणाले, हे लोकांच्या अर्पणाचे पैसे आहेत. तिची सासू अजून सुदानमध्ये, खार्टूमला होती. दुभाषा म्हणून बसवलं होतं तिच्याच चौदा वर्षांच्या मुलाला. आईचा पाणउतारा त्यालाच भाषांतरित करून सांगावा लागला. खजिनदार दुष्ट नव्हते. हिशेब चोख ठेवायची त्यांना सवय, आणि वार्षिक सभेत उत्तर त्यांनाच द्यायचं. पण करारवाल्या संस्थेला पुरावा हवा असतो तो तुम्ही पैसे दिल्याचा. तो बँकेच्या नोंदीत मिळतो. खर्च कुठे झाला हा प्रश्न तुमचा नाही. पोटाला चिमटा काढून गावी पैसे पाठवणं आपल्याला काय नवीन आहे? सातारा-रत्नागिरीच्या कित्येक चुली मुंबईच्या मनीऑर्डरवर पेटायच्या. बजेट करायला एकदा बसून शिकवा. वीजबिल, भाडं, फोनचे करार कसे फसवतात ते दाखवा. मग त्यांना चुकू द्या. मुलांच्या नावाने येणारा सरकारी भत्ताही कुटुंबाचाच. तो तुमच्या मदतीतून वजा करायच्या भानगडीत पडू नका.

मुलांना दुभाषा करू नका, विशेषतः डॉक्टरकडे. बाईला तपासायला नेताना बाईच जाऊ दे. मोठ्यांसाठी सरकारी खर्चाने इंग्रजीचे वर्ग असतात, तिथे पहिल्या महिन्यातच नाव घाला. बाळ लहान आहे म्हणून आई घरी आणि बाप वर्गात, असं बहुतेक वेळा होतं, तेव्हा पाळणाघराची सोय असलेला वर्ग शोधा. पहिले दोन-तीन महिने फोटो, साक्ष, सत्कार काही नको. कुणी कुठून आणि का पळालं हे विचारायचं नाही. सांगावंसं वाटलं तर सांगतील. त्यांचे नातेवाईक अजून तिकडे असतात, चर्चच्या फेसबुक पानावरचा फोटो तिथवर पोचतो.

दहाव्या महिन्यात कमिट्या घाबरतात. नोकरी लागलेली नसते, किंवा लागली तर रात्रपाळीची आणि अर्धवेळ असते. बारा महिने संपल्यावर कुटुंबाला प्रांताचा निर्वाह भत्ता घ्यावा लागला तर कमिटीला तो आपला पराभव वाटतो. तसं मानू नका, आणि त्यांना तर मुळीच वाटू देऊ नका. भाषा न येणाऱ्या चाळिशीतल्या माणसाला वर्षात पायावर उभं राहता येतंच असं नाही, आणि तो भत्ता कायद्याने त्याचा हक्क आहे. अर्ज अकराव्या महिन्यात कसा करायचा हे त्यांना दाखवा, भरू द्या त्यांनाच. बाराव्या महिन्यानंतर किल्लीची दुसरी प्रत परत करा. कुणाकडे ती पडून असतेच, आणि न कळवता घरात शिरायची सवयही तिच्यासोबत राहते.

पुढच्या बैठकीत चार गोष्टी लिहून ठरवा: पैसे कोणत्या तारखेला जाणार, दुभाषा कोण आणि त्याचं मानधन किती, तक्रार असली तर कुटुंबाने कमिटीबाहेरच्या कोणत्या माणसाला फोन करायचा, आणि कमिटीतलं कोणी सोडून गेलं तर जागी कोण. अर्जाला वर्षं लागतात. तोवर पाळक बदलेल, दोघे दुसऱ्या गावी जातील, एखाद्याची तब्येत ढासळेल. लिहिलेलं असेल तर नवे लोक तिथून पुढे चालवतील. यातल्या तिसऱ्या, तक्रारीच्या मुद्द्याला तुमचे खजिनदार हमखास आडवे येतील, तिथे मात्र हटू नका.